तलवार कोरेगावची नाही, तरीही ती आपलीच आहे



उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातले आपले कार्यकर्ते सध्या आम्हाला एकच प्रश्न विचारत आहेत. ‘ती तलवार कोरेगावची नाही, असे तुम्ही का म्हणता? आधीच आपला इतिहास पुसायला सगळे टपलेले आहेत. त्यात आपलीच माणसे आपल्या वस्तूवर शंका घेऊ लागली तर विरोधकांची गरजच काय?’ प्रश्न रागाने विचारलेला असला तरी प्रामाणिक आहे. म्हणून त्याचे उत्तर कोपऱ्या-कोपऱ्यावर तोंडी देत बसण्याऐवजी एकदाच लिहून देत आहोत.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बदलापूर पूर्वेला राहणाऱ्या एका कुटुंबाकडे जुनी लष्करी तलवार आहे. मूळ गाव खेड तालुक्यातले. वडील लष्करात होते, मुलगा मुंबईत गिरणीत लागला आणि गिरणी बंद पडल्यावर कुटुंब बदलापूरला आले. हा मुलगा म्हणजे आज पंचाहत्तरी ओलांडलेले आपले काका. त्यांच्या घरात ही तलवार ‘कोरेगावची तलवार’ म्हणून ओळखली जाते. १ जानेवारीच्या कार्यक्रमासाठी काही कार्यकर्त्यांनी ठरवले की ही तलवार सजवलेल्या ट्रकवर ठेवायची, पुढे एका तरुणाने ती हातात घेऊन उभे राहायचे आणि वर फलक लावायचा : १८१८ च्या शूरवीराची तलवार. फलकाचा मजकूर लिहायचे काम आमच्या वाचन गटाकडे आले. आम्ही म्हणालो, आधी तलवार बघू, मग लिहू. वादाची सुरुवात एवढ्याच वाक्यापासून झाली.

बघू म्हणण्यात गैर काय आहे? तथागतांनी कालामांना सांगितलेला उपदेश आपण विहारात कितीदा ऐकतो! परंपरेने चालत आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, आदरणीय माणसाने सांगितले म्हणून मानू नका, तपासून घ्या. हा उपदेश फक्त दुसऱ्यांच्या पोथ्यांसाठी आहे, असे कुठेही म्हटलेले नाही. बाबासाहेबांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत इतिहासकाराच्या कर्तव्याची चर्चा मुद्दाम केली आहे. पुराण सांगणाऱ्याला आपण विचारतो, पुरावा काय? मग आपल्या घरातल्या वस्तूलाही तोच प्रश्न विचारायला हवा. जो निकष त्यांना, तोच आपल्याला. निकष बदलला की चिकित्सा संपते आणि भक्ती सुरू होते.

आमच्या बदलापूरचेच उदाहरण घ्या. शिवकाळात सुरतेच्या वाटेवर इथे सैन्याचे घोडे बदलत, म्हणून गावाचे नाव बदलापूर, असे इथला प्रत्येक माणूस सांगतो. गोष्ट ऐकायला छान आहे, गावाला मोठेपणा देणारी आहे. पण नावाच्या ध्वनीवरून रचलेली गोष्ट आणि कागदावरची नोंद या दोन निराळ्या गोष्टी असतात. गावाच्या नावाबाबत एवढा सैलपणा चालून जातो, कारण त्यावर कोणाचे काही अवलंबून नसते. कोरेगावबाबत तो चालत नाही. १ जानेवारी २०१८ ला काय झाले, अभिवादनाला निघालेल्या आपल्या लोकांवर कसे हल्ले झाले, हे आपण विसरलेलो नाही. ज्या इतिहासावरून दगड पडतात, त्या इतिहासात एकही कच्चा दगड ठेवायचा नसतो.

जुन्या शस्त्राची पारख कशी करतात आणि कशी करत नाहीत, याची दोन ठळक उदाहरणे अलीकडेच महाराष्ट्रासमोर आली. पहिले वाघनखांचे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या कराराने साताऱ्याच्या संग्रहालयात आली. केवढा गाजावाजा झाला! अफजलखानाचा वध १६५९ चा. ही वाघनखे ज्याच्या घराण्याकडून संग्रहालयाला मिळाली तो जेम्स ग्रँट डफ साताऱ्यात आला १८१८ मध्ये, म्हणजे जवळजवळ १६० वर्षांनी. पेटीवर इंग्रजी मजकूर आहे की ही शिवाजीची वाघनखे असून पेशव्यांच्या प्रधानाने ती डफला दिली. मधल्या १६० वर्षांचा कागद कुठे आहे? खुद्द त्या संग्रहालयानेच म्हटले आहे की, ही महाराजांनी वापरलेलीच वाघनखे आहेत याची खात्री देता येत नाही. कोल्हापूरचे इतिहास संशोधक इंद्रजित सावंत यांनी हाच मुद्दा जाहीरपणे मांडला. तो महाराजांवरचा आक्षेप नव्हता, लोकांच्या भावनेवर परस्पर उरकल्या जाणाऱ्या समारंभावरचा आक्षेप होता.

दुसरे उदाहरण नागपूरकर रघुजी भोसले यांच्या तलवारीचे. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात ती विक्रीला आली. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत ती मिळवली, सगळा खर्च धरून ४७ लाख १५ हजार रुपये लागले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आली. या तलवारीची बाजू वाघनखांपेक्षा पक्की आहे. कारण तिच्या पात्यावर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचे नाव आणि ‘सेनासाहेब सुभा’ हा त्यांचा किताब आहे. गंमत अशी की पाते युरोपात घडवलेले आहे. म्हणून तर अशा सरळ पात्याच्या तलवारीला आपल्याकडे ‘फिरंग’ म्हणतात. पाते फिरंग्यांचे, मूठ आणि नक्षी इथली, मालक नागपूरचा. एकाच वस्तूच्या तीन भागांचा तीन ठिकाणचा जन्म.

यातून जुन्या शस्त्राला विचारायचे तीन प्रश्न निघतात. ही कुठे आणि केव्हा घडली? ही कोणत्या सैन्यासाठी, कोणत्या हुद्द्यासाठी होती? आणि ही प्रत्यक्ष कोणाच्या हातात होती? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तलवार स्वतः देते. तिसऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा कागद देतो. आपल्याकडे घोटाळा होतो तो इथेच. आपण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी ठरवतो आणि पहिले दोन विचारतच नाही.

आता काकांच्या तलवारीकडे येऊ. आमच्यात कोणी शस्त्रतज्ज्ञ नाही. पण अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे आणि तिथे हयात घालवून निवृत्त झालेले एक फिटर आमच्या विहारात येतात. लोखंडाचा तुकडा हातात घेतला की तो ओतीव आहे, घडीव आहे की प्रेसखाली दाबलेला आहे, हे ते सांगतात. त्यांना बरोबर घेतले, एक टेप घेतली, मोबाईलचा टॉर्च घेतला आणि काकांच्या घरी दोन रविवार बसलो.

पाते सरळ, अरुंद, एका बाजूने धार असलेले. लांबी साडेबत्तीस इंच. म्हणजे ही सपासप कापण्याची तलवार नाही, भोसकण्याची आहे. हाताचे रक्षण करणारी परज पोलादी पत्र्याची, वाटीसारखी वळवलेली, तिला वेलबुट्टीची छिद्रे. मुठीवर माशाचे खरखरीत कातडे आणि त्यावर तारेचे वेढे. म्यान तपकिरी चामड्याचे. फिटर काकांनी परजेच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवले आणि म्हणाले, “ही कड बघा, मुद्दाम आत दुमडलीय. पत्र्याची धार कपड्याला लागू नये म्हणून. हे प्रेसचं काम आहे, लोहाराच्या हातोड्याचं नाही.”

हीच दुमडलेली कड म्हणजे तलवारीचा जन्मदाखला आहे. ब्रिटिश पायदळातल्या अधिकाऱ्यांसाठी १८९७ मध्ये जो नमुना ठरला, त्यात परजेची आतली कड दुमडली, कारण आधीच्या परजेने गणवेश घासून फाटत असे. सरळ साडेबत्तीस इंची पाते, छिद्रांची पोलादी परज आणि दुमडलेली कड : तिन्ही मिळून हा १८९७ चा नमुना. तो पुढे अनेक दशके चालू राहिला. १८१८ मध्ये या घडणीची तलवार अस्तित्वातच नव्हती. त्या काळात ब्रिटिश पायदळी अधिकाऱ्याच्या तलवारीची परज पितळी, सोन्याचा मुलामा दिलेली असे.

मग कुटुंबाला आणि कार्यकर्त्यांना १८१८ कुठून दिसले? परजेवर मुकुट आहे आणि खाली दोन इंग्रजी अक्षरे, जी आणि आर. कोणीतरी इंटरनेटवर पाहिले की १८१८ मध्ये इंग्लंडच्या गादीवर तिसरा जॉर्ज होता आणि त्याची खूण जी आर. झाले, कोरेगाव सिद्ध! पण जॉर्ज काय एकच झाला? तिसरा जॉर्ज १८२० पर्यंत, चौथा १८३० पर्यंत, पाचवा १९१० ते १९३६ आणि सहावा १९३६ ते १९५२. अक्षरे दोनच वाचली तर चारही जॉर्ज सारखेच दिसतात. टॉर्च तिरका धरल्यावर अक्षरांच्या मधला झिजलेला रोमन आकडा दिसला : सहा. म्हणजे ही तलवार १९३६ च्या आधीची असूच शकत नाही.

पात्यावर मुठीजवळ बहुधा कारखानदाराचे नाव कोरलेले असते. काही कारखाने पात्याच्या पाठीवर अनुक्रमांकही टाकत. लंडनच्या विल्किन्सन कंपनीच्या तलवारींवर असे आकडे असतात आणि त्यांवरून वर्ष काढता येते. काकांच्या तलवारीवर ही जागा गुळगुळीत झाली आहे. दरवर्षी विजयादशमीला घरातल्यांनी पॉलिश पेपरने घासून ती चकचकीत केली. प्रेमापोटी केले, पण त्या चकाकीत कारखान्याचे नाव गेले.

ती आजकालची नक्कल आहे का, हेही तपासले. आमच्या पट्ट्यात हा प्रश्न विचारावाच लागतो. उल्हासनगरात कुठल्याही वस्तूची कॉपी मिळते आणि ‘मेड इन यूएसए’चा इथला अर्थ वेगळा, हा विनोद लोकलमधल्या पोरालाही माहीत असतो. बाजारातल्या शोभेच्या तलवारींची परज बहुधा ओतीव पितळेची, पाते चकचकीत स्टीलचे आणि मूठ नटबोल्टने आवळलेली. इथे पात्याचे शेपूट मुठीतून आरपार वर आलेले आहे आणि टोकाला ठोकून पक्के केलेले आहे. मुठीखालचे कातडे खरे, झीज हाताच्या पकडीनुसार पडलेली. फिटर काकांचा निकाल साधा होता, “माल अस्सल आहे. फक्त तुम्ही सांगता तेवढा जुना नाही.”

हे वाक्य लक्षात ठेवा. वस्तू खरी आणि तिची गोष्ट चुकीची, असे असू शकते. वस्तू खोटी आहे असे आम्ही कधीच म्हटलेले नाही.

आता कोरेगावकडे पाहू. १ जानेवारी १८१८ ला कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली होती बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, सुमारे ५०० पायदळ शिपाई. जोडीला पुण्याचे अनियमित घोडदळ आणि मद्रास तोफखान्याचे मूठभर गोलंदाज, दोन तोफांसह. पायदळाचा शिपाई लढला तो बंदुकीने आणि तिच्या तोंडावर लावलेल्या संगिनीने. तलवार हे साध्या शिपायाचे हत्यार नव्हते. ती सुभेदार, जमादार अशा हुद्द्यांकडे आणि घोडदळाकडे. दिवसभर पाण्यावाचून, गल्लीबोळांत, बंदुकीत पुन्हा पुन्हा दारू ठासत आपले पूर्वज उभे राहिले, हा खरा पराक्रम. त्यांच्या हातात सिनेमातली तलवार देऊन आपण त्यांचा पराक्रम मोठा करत नाही, उलट त्यांच्या लढाईचे स्वरूपच पुसून टाकतो.

आणि कोरेगावला आपल्याला तलवारीची गरजच काय? तिथे दगडी स्तंभ उभा आहे. १८२१ मध्ये त्याचा पाया घातला गेला. त्यावर मृतांची नावे कोरलेली आहेत आणि त्यातली २२ नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपतात. हा प्रत्यय कोणाचा, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथे गेले ते या नावांपुढे उभे राहायला. दगडावर कोरलेली नावे हातात असताना झिजलेल्या आकड्याच्या आधाराने दावा का करायचा? उद्या कोणी वाहिनीवर येऊन दोन मिनिटांत तो आकडा दाखवील आणि म्हणेल, बघा, यांची तलवार खोटी, मग स्तंभाचे काय? एका चुकीच्या फलकाची किंमत आपण २२ नावांनी का मोजायची?

इथपर्यंतचे आम्ही काकांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे पोरांनो, माझा बाप खोटं बोलला?” कोणत्याही फलकापेक्षा हा प्रश्न आम्हाला मोठा वाटला. आम्ही विचारले, “काका, बाबा नेमकं काय म्हणायचे? त्यांच्या शब्दांत सांगा.” त्यांनी आठवून सांगितले, “आमच्या डोक्यावर कोरेगाव होतं, असं म्हणायचे.”

डोक्यावर. हातात नव्हे. त्याच दिवशी काकींनी पत्र्याच्या ट्रंकेतून एक पुडके काढले. त्यात वडिलांचे लष्करातून सुटल्याचे पुस्तक होते, घड्यांवर फाटलेले. भरती बेळगाव, साल १९४१. पलटण महार रेजिमेंट. सुटका १९४६. हुद्दा जमादार. आणि एका कापडात गुंडाळलेला टोपीचा बिल्ला. त्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ.

महार रेजिमेंटच्या बोधचिन्हात त्या काळी कोरेगावचा स्तंभ होता. स्वातंत्र्यानंतर तो काढून त्या जागी खंजीर आला. म्हणजे वडील शब्दशः खरे बोलत होते. त्यांच्या डोक्यावर, टोपीवर कोरेगाव होते. ते गेल्यानंतर घरात शब्द उरला ‘कोरेगाव’ आणि वस्तू दिसत राहिली तलवार. बिल्ला ट्रंकेत, तलवार भिंतीवर. सत्तर वर्षांत शब्द बिल्ल्यावरून तलवारीवर सरकला. यात कोणी फसवले नाही. घरातली आठवण अशीच चालते. म्हणून तर तिला कागदाची जोड लागते.

आता या १९४१ सालाचा अर्थ बघा. १८५७ नंतर हळूहळू ‘लढवय्या जाती’चा सिद्धांत पुढे आला आणि १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. ज्यांच्या जोरावर कोरेगाव राखले, त्यांनाच सांगितले गेले की तुम्ही लढवय्ये नाही. का? कारण तुमच्या हाताखाली, तुमच्या शेजारी उभे राहायला इतरांना विटाळ होतो. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते, लष्करी शाळेत शिकवत होते. बंद झालेला दरवाजा हा त्यांच्या पिढीचाच दरवाजा होता. निवृत्त लष्करी माणूस असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये या भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये सरकारकडे पुन्हा मागणी केली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ ला १११ महार ही पलटण उभी केली आणि गरज संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. अखेर बाबासाहेबांच्या पाठपुराव्याला यश येऊन १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली.

त्या पलटणीत खेड तालुक्यातला एक तरुण भरती झाला. ज्या गावात त्याच्या बापाला चावडीवर जोहार घालावा लागत होता, त्या गावात तो टोपीवर कोरेगावचा स्तंभ लावून रजेवर आला. जमादार हा राजपत्रित हुद्दा. गावचा पाटील सोडा, कंपनीतल्या शिपायांनाही त्याला सलाम करावा लागे. भिंतीवरची तलवार या क्षणाची साक्षीदार आहे. ती त्याला एका साहेबाने निरोपाच्या वेळी दिली, असे घरचे सांगतात. तो भाग आम्ही ‘कुटुंबाची आठवण’ म्हणूनच लिहिला आहे. पण सहाव्या जॉर्जच्या काळातली अधिकाऱ्याची तलवार, १९४१ ची भरती, जमादार हुद्दा आणि स्तंभाचा बिल्ला, हे चारही धागे एकमेकांशी जुळतात. फलकावर १८१८ लिहिले असते तर हे सगळे पुसले गेले असते. वलंगकरांचा अर्ज, कांबळ्यांची मागणी, बाबासाहेबांचा पाठपुरावा आणि स्वतः काकांचे वडील, सगळे. खोट्या पणजोबासाठी खरा बाप खोडून टाकायचा का?

आता आक्षेपांकडे येऊ.

पहिला आक्षेप : ‘सरकारने वाघनखांसाठी मांडव घातले तेव्हा कोणी पुरावा मागितला? मग आपल्यालाच का?’ मागितला होता. मागणाऱ्याला शिव्या पडल्या, तरी मागितला. आणि सरकार चुकले म्हणून आपल्यालाही चुकण्याचा हक्क मिळत नाही. आपले भांडण समान हक्कांसाठी आहे, समान थापांसाठी नाही.

दुसरा आक्षेप : ‘बौद्ध माणसाला तलवारीचे एवढे कौतुक कशाला?’ कौतुक नाहीच. खंडेनवमीला हत्याराला हळदकुंकू वाहणारी परंपरा आपण १९५६ मध्ये मागे टाकली. आपल्यासाठी ही तलवार म्हणजे पोलादावर लिहिलेला दस्तऐवज आहे. दस्तऐवज पुजायचा नसतो, वाचायचा असतो.

तिसरा आक्षेप : ‘तरुणांना जोश हवा, तुम्ही त्यांना टेप आणि टॉर्च देताय.’ जोशावर एक मिरवणूक निघते. पण मिरवणुकीत तलवार हातात घेतलेला पोरगा दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात बसतो, हे कोणी सांगत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब पात्याची धारदार हत्यारे येतात. सण-जयंतीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेशही लागू असतात. गुन्हा दाखल झाला की नोकरीची पडताळणी, पासपोर्ट, सगळे अडकते. आणि तो पोरगा बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असतो, पुढाऱ्याच्या घरचा नसतो. ज्यांच्या घरी वडिलोपार्जित तलवार आहे त्यांनी वकिलाचा सल्ला घ्यावा आणि गरज असेल तिथे लेखी माहिती देऊन ठेवावी. वस्तू १०० वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदाही लागू होतो. अशी वस्तू देशाबाहेर विकायला काढणे हा गुन्हा आहे. भंगारवाला किंवा ‘अँटिकवाला’ दारात आला तर हे ध्यानात असू द्या.

कार्यक्रमात शेवटी काय झाले, तेही सांगतो. तलवार घरीच राहिली. तिचे मोठे छायाचित्र, सुटकेच्या पुस्तकाची प्रत आणि बिल्ल्याचे छायाचित्र असा फलक लागला. वर लिहिले : पन्नास वर्षे बंद असलेला दरवाजा उघडणाऱ्या पिढीची तलवार. काही कार्यकर्ते नाराज होऊन आलेच नाहीत. पण फलकासमोर दोन बायाबापड्यांनी आपापल्या घरच्या ट्रंकांची आठवण काढली आणि ‘आमच्याकडे पण सासऱ्यांचे पदक आहे, बघायला या’ असे सांगून गेल्या. आम्हाला हा त्या दिवसाचा खरा निकाल वाटतो.

उल्हासनगर ही दुसऱ्या महायुद्धातली कल्याण लष्करी छावणी. आजही आपण कॅम्प एक, कॅम्प दोन असेच म्हणतो. कोकणातून, सातारा-पुण्याकडून आलेली लष्करी घराणी या पट्ट्यात भरपूर आहेत. घरे पाडून टॉवर होत आहेत आणि माळ्यावरच्या ट्रंका भंगारात जात आहेत. म्हणून आमचे एवढेच मागणे आहे. आपल्या घरी तलवार, संगीन, पदक, बिल्ला, काहीही असेल तर ते घासू नका. चिंच नको, पीतांबरी नको, पॉलिश पेपर तर नकोच. मऊ कापडाने पुसा आणि मशीनच्या तेलाचा हलका हात द्या. आमच्याकडच्या पावसाळ्यात पाते चामड्याच्या म्यानात ठेवू नका, चामडे ओल धरते आणि लोखंड खाते. खुणांची, अक्षरांची, आकड्यांची छायाचित्रे तिरक्या उजेडात काढा. पदक असेल तर त्याची कड बघा. तिच्यावर पुष्कळदा शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. सुटकेचे पुस्तक, पेन्शनचे कागद यांच्या प्रती काढा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करा. आणि घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला विचारा, त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, त्यात आपली भर घालू नका. मग तीन रकाने करा : खात्रीचे, शक्य असलेले आणि घरची आठवण. एका रकान्यातले दुसऱ्यात जाऊ देऊ नका.

आपला इतिहास इतरांनी लिहिला नाही, ही आपली तक्रार खरी आहे. पण आता लेखणी आपल्या हातात आहे, तेव्हा तो कसा लिहायचा याची जबाबदारीही आपलीच आहे. खरे आपल्याकडे भरपूर आहे. ते शोधायला कष्ट लागतात, एवढेच.

जय भीम! नमो बुद्धाय!